लेखकच प्रकाशक होतो तेव्हा

1901 च्या डिसेंबरात लंडनच्या एका छापखान्यातून हातात मावेल एवढं एक पुस्तक बाहेर पडलं. प्रती फक्त 250. कागद, ठसे, छपाई, बांधणी, सगळा खर्च लेखिकेनं पदरचा केला होता. लेखिका बीट्रिक्स पॉटर आणि पुस्तक ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’. पुढे शंभराहून अधिक वर्षं जगभरच्या मुलांनी वाचलेली ही सशाची गोष्ट त्याआधी किमान सहा प्रकाशकांकडून साभार परत आली होती.

गोष्ट मुळात एका पत्रातली. आपल्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा आजारी आहे हे कळल्यावर पॉटरनं 4 सप्टेंबर 1893 रोजी स्कॉटलंडहून त्याला चित्रांसकट एक पत्र लिहिलं. काही वर्षांनी तिनं ते पत्र त्याच्याकडून परत मागून घेतलं, गोष्ट वाढवली, नवी चित्रं काढली आणि प्रकाशकांकडे पाठवायला सुरुवात केली. अडचण आली ती आकाराची आणि किमतीची. प्रकाशकाला मोठं, महागडं पुस्तक हवं, तर पॉटरला लहान मुलाच्या हातात बसेल असं छोटं आणि शिलिंगभर किमतीचं. एका पानावर मोजकी वाक्यं आणि समोर एक चित्र, ही रचना तिनं मनाशी पक्की केली होती. ससा बागेत शिरतो, माळी त्याला पाहतो, ससा पळतो, आणि प्रत्येक वेळी मुलाला पान उलटावं लागतं. गोष्टीची गती त्या पान उलटण्यात आहे. पुस्तक मोठं करून एका पानावर चार चित्रं घातली असती तर ती गती तिथेच संपली असती.

स्वतः छापल्यामुळे ही रचना टिकली. आतली चित्रं काळीपांढरी आणि सुरुवातीचं एकच रंगीत, कारण रंगीत ठसे महाग होते. प्रती नातेवाइकांत आणि ओळखीपाळखीत भराभर गेल्या. आर्थर कॉनन डॉईल यांनीही आपल्या मुलांसाठी एक घेतली. दोनच महिन्यांत आणखी 200 प्रती छापाव्या लागल्या. तोवर आधी नाही म्हणणाऱ्यांपैकी ‘फ्रेडरिक वॉर्न’ ही कंपनी पुढे आली होती. चित्रं रंगीत हवीत ही त्यांची अट पॉटरनं मानली, काही चित्रं गाळायलाही ती तयार झाली, पण आकार तोच राहिला. ऑक्टोबर 1902 मध्ये ही आवृत्ती निघाली तेव्हा पहिल्या 8,000 प्रती आधीच विकल्या गेल्या होत्या.

खरी लक्षात ठेवावी अशी गोष्ट यानंतरची आहे. हाताशी नामांकित प्रकाशक असताना, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, पॉटरनं दुसरं पुस्तक ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’ पुन्हा स्वतःच छापलं. प्रती 500. प्रकाशक आपल्या गोष्टीतली जुनी बालगीतं कापून टाकील अशी तिला धास्ती होती. त्यामुळे आधी आपल्या मनासारखं पुस्तक करायचं आणि मग ते प्रकाशकाला दाखवायचं, असा क्रम तिनं ठरवला. म्हणजे स्वतः छापणं हा तिच्यासाठी नकारावरचा नाइलाजाचा उपाय राहिला नव्हता. तो लिहिण्याचाच एक टप्पा झाला होता. स्वतंत्र लेखकांविषयी बोलताना बहुतेकदा पैशांचा आणि प्रसिद्धीचा हिशोब मांडला जातो. पण लेखकाच्या हातात छपाई आली की त्याचं लिहिणंच बदलतं, आणि त्याचं कुतूहल जास्त वाटायला हवं.

वॉल्ट व्हिटमनचं उदाहरण तर आणखी ठळक आहे. व्हिटमन लहानपणापासून छापखान्यात वाढलेला, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकलेला. 1855 मध्ये ब्रुकलिनच्या रोम बंधूंच्या छोट्या छापखान्यात त्यानं ‘लीव्हज ऑफ ग्रास’ छापून घेतलं. 795 प्रती, आत शीर्षक नसलेल्या बारा कविता. त्यातली काही पानं त्यानं स्वतः जुळवली. मुखपृष्ठानंतरच्या शीर्षकपानावर कवीचं नाव नाही, समोर फक्त एक चित्र: उघड्या गळ्याचा सदरा घातलेला, कमरेवर हात ठेवून उभा असलेला माणूस. पुस्तकाची पानंही नेहमीच्या कवितासंग्रहापेक्षा मोठी. व्हिटमनच्या ओळी श्वास संपेपर्यंत लांबत जातात. त्या ओळी आखूड पानावर मोडून पडल्या असत्या. ज्याला खिळ्यांची मापं ठाऊक आहेत अशा कवीला पानाची रुंदी हा कवितेचाच प्रश्न वाटतो. पुढे आयुष्यभर तो हेच एक पुस्तक वाढवत, दुरुस्त करत, नव्यानं मांडत राहिला. 1892 मध्ये त्याचा मृत्यू झाला तोवर बारा कवितांच्या जवळपास चारशे झाल्या होत्या. प्रत्येक आवृत्ती वेगळी, आणि तशी ती होऊ शकली कारण बदल करायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

हेन्री डेव्हिड थोरोची गोष्ट मात्र तोट्याची. 1849 मध्ये त्याचं पहिलं पुस्तक प्रकाशकानं काढलं ते ‘विक्रीतून खर्च निघाला नाही तर लेखकानं भरायचा’ या अटीवर. हजार प्रती छापल्या. चार वर्षांनी न खपलेल्या 706 प्रती थोरोच्या घरी येऊन पडल्या आणि त्यानं त्या माडीवर नेऊन रचल्या. कर्ज फेडायला त्याला जमीनमोजणीची कामं करावी लागली. पण पहिलं पुस्तक बुडाल्यामुळे दुसऱ्याला लगेच प्रकाशक मिळाला नाही, आणि त्या सक्तीच्या थांबण्यात ‘वॉल्डन’चे एकामागून एक सात खर्डे झाले. 1854 मध्ये जे पुस्तक निघालं ते सातव्या खर्ड्याचं. पहिल्याच खर्ड्यावर ते छापलं गेलं असतं तर आज त्याचं नाव कितीजणांना माहीत असतं, सांगता येत नाही. आज लिहून झाल्यावर तासाभरात पुस्तक बाजारात आणता येतं, तेव्हा हे सात खर्डे मुद्दाम आठवावेत.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात लेखक आणि प्रकाशक यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती. ग्रंथ लिहिणाऱ्यानंच वर्गणीदार गोळा करायचे, छापखाना गाठायचा आणि प्रती घरी आणून विकायच्या, ही सर्रास पद्धत होती. पण काहींच्या बाबतीत यामागे पद्धतीपलीकडची निकड होती. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधू’ पत्रात आली आणि पुढची छापायला संपादक कचरले. जोतीराव थांबले नाहीत. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी त्यांनी लोकांना जमवून ग्रंथ वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीरावांनीही तो ऐकला. असूडाची वाक्यं मोठ्यानं वाचली की त्यांचा सूर लगेच कळतो. दम लागेपर्यंत लांबणारी, तपशिलावर तपशील चढवत नेणारी आणि शेवटी सवाल टाकणारी ती वाक्यं आहेत. ज्या शेतकऱ्यांसाठी ग्रंथ लिहिला त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. त्यामुळे हे लिखाण कानांसाठी घडलेलं आहे.

पंडिता रमाबाईंचं काम या दृष्टीनं नव्यानं पाहायला हवं. 1882 मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ निघालं आणि त्याच्या विक्रीतून त्यांनी इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला. पुढे अमेरिकेत असताना, 1887 मध्ये, त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात स्वतः प्रकाशित केलं. आपल्या आईच्या स्मृतीला ते अर्पण केलेलं होतं. हे पुस्तक हजारोंनी खपलं. रमाबाई ज्या सभांतून बोलत होत्या त्याच सभांतले लोक ते विकत घेत होते. त्या पैशांतून त्यांनी विधवांसाठी काढायच्या शाळेची तयारी केली आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. लेखिकेनं स्वतःच्या पुस्तकाच्या उत्पन्नावर संस्थेची पायाभरणी करावी असं उदाहरण त्या काळात जगात कुठेही विरळाच.

त्यापुढचा टप्पा केडगावचा. तिथल्या मुक्ती मिशन या आपल्या आश्रमात रमाबाईंनी छापखाना घातला. खिळे जुळवणं, यंत्र चालवणं, पानं घडी करणं, शिवणं ही सगळी कामं आश्रमातल्या मुली आणि बायका करत. दुष्काळातून, विधवापणातून आलेल्या या बायका. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या आणि त्या भाषांतराची पानं याच बायकांच्या हाताखालून छापून निघत होती. 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या या कामात होत्या. भाषांतर सोपं असावं, खेड्यातल्या बाईला कळावं, हा त्यांचा आग्रह होता. आणि पहिल्या वाचक म्हणजे खिळे जुळवणाऱ्या त्या बायकाच होत्या.

विसाव्या शतकात मोठ्या प्रकाशनसंस्था स्थिरावल्या आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणं थोडं कमीपणाचं समजलं जाऊ लागलं. ‘लेखकानं स्वखर्चानं काढलंय’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंका उमटते, ती आजही. या समजुतीला मुंबईतल्या काही कवींनी धक्का दिला. पन्नासच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित करून काढलं. टंकलेखन यंत्रावर मेणकागद चढवायचा, अक्षरं ठोकायची, मग शाईचा रूळ फिरवून एकेक फुलस्केप पान काढायचं. शाई कुठे पुसट, कुठे फिसकटलेली. पण त्या पानांवर जे छापलं गेलं ते तेव्हाच्या प्रतिष्ठित मासिकांत येणं अवघड होतं. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं ‘असो’, राजा ढाले आणि सतीश काळसेकरांसारख्यांची अनियतकालिकं, औरंगाबादहून ‘वाचा’, अशी ही चळवळ फोफावली. छापण्याचा खर्च आवाक्यात आला की कोण लिहू शकतो हेही बदलतं. मुंबईच्या चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून आलेल्या तरुणांच्या लेखनाला या पानांवर जागा झाली.

कोलटकरांची वाट यातून पुढे गेली. जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि जाहिरातीच्या जगात कलादिग्दर्शक म्हणून नाव मिळवलेले कोलटकर कवितेच्या बाबतीत कमालीचे चिकित्सक होते. 1976 मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल यांच्यासोबत त्यांनी ‘क्लिअरिंग हाऊस’ ही कवींची सहकारी प्रकाशनसंस्था काढली. पहिल्या वर्षी चार पुस्तकं, चौघांचं एकेक. मुखपृष्ठं आणि मांडणी कोलटकरांची. त्यातलं ‘जेजुरी’ दुसऱ्याच वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्काराचं मानकरी ठरलं. खंडोबाच्या जेजुरीवरची ही इंग्रजी कविता आज जगभर अभ्यासली जाते. तिचं पहिलं पुस्तक कवींनी आपसात मिळून काढलेलं होतं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

मराठीत त्यांना अशोक शहाण्यांचं ‘प्रास प्रकाशन’ लाभलं. 1977 मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ निघाल्या. त्यानंतरचं पुस्तक थेट 2003 मध्ये. मधली पंचवीसहून अधिक वर्षं कोलटकर लिहीत होते, खोडत होते, जुळवत होते. पुस्तक मात्र काढत नव्हते. आणि मग ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ आणि इंग्रजीत ‘काळा घोडा पोएम्स’, ‘सर्प सत्र’ अशी रांगच लागली. सप्टेंबर 2004 मध्ये ते गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात. कुठल्याही मोठ्या प्रकाशकाच्या वेळापत्रकात इतकी वर्षं थांबायला जागा नसते. शहाण्यांकडे ती होती, कारण प्रास हे दोन मित्रांच्या विश्वासावर चालणारं घर होतं. स्वतंत्र लेखक म्हणजे एकटा लेखक हा गैरसमज इथे गळून पडतो. कोलटकरांनी संपादक, प्रकाशक नाकारला नाही, तो स्वतः निवडला.

आता पुस्तक प्रत्यक्षात होतं कसं, ते जरा जवळून पाहू. आज मराठीत स्वतः पुस्तक काढणाऱ्याच्या कामाची सुरुवात बहुधा डीटीपीवाल्याच्या खुर्चीशेजारी होते. लेखकानं मजकूर युनिकोडमध्ये टाईप केलेला असतो, डीटीपीवाल्याच्या यंत्रावर जुना वेगळ्या पद्धतीचा फाँट असतो. मजकूर एकातून दुसऱ्यात गेला की जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ भलतंच रूप घेतो, अवतरणचिन्हं उलटी होतात. हे सगळं पहिल्या मुद्रितात डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ एक वेळ सापडतात, पण ‘पाणी’चं ‘पानी’ झालेलं लेखकाच्या स्वतःच्या डोळ्याला दिसतच नाही, कारण त्याला वाक्य पाठ असतं. म्हणून मुद्रितशोधन दुसऱ्याकडून करून घ्यावं हा जुन्या मुद्रकांचा सल्ला आजही खरा आहे. मागून पुढे, शेवटच्या पानापासून वाचत यायचं ही त्यांची आणखी एक युक्ती. गोष्टीत गुंतायला होत नाही आणि अक्षर सुटं दिसतं.

मग फॉर्मचा हिशोब. छपाईचा मोठा कागद घडी घातला की सोळा पानं होतात. त्याला फॉर्म म्हणतात. पुस्तक 160 पानांत बसलं तर बरोबर दहा फॉर्म. 164 पानं झाली की चार पानांसाठी वेगळा तुकडा छापावा लागतो, कागद वाया जातो, बांधणीत कटकट होते. तेव्हा लेखकासमोर प्रश्न येतो: अक्षर अर्ध्या पॉइंटनं लहान करायचं, समास कमी करायचा की चार पानं मजकूर कापायचा? प्रकाशकाच्या कचेरीत हा निर्णय परस्पर होऊन जातो. इथे लेखकाला तो स्वतः घ्यावा लागतो. पुष्कळांच्या बाबतीत असं होतं की चार पानं कापायला बसलं की सहा निघतात, आणि पुस्तक त्यामुळे चांगलंच होतं.

पैशांचं गणितही कोरडं असलं तरी टाळता येत नाही. समजा 500 प्रतींना 50,000 रुपये खर्च आला आणि छापील किंमत 300 ठेवली. विक्रेता आणि वितरक मिळून चाळीस ते पन्नास टक्के कमिशन जाऊ शकतं. पंचेचाळीस टक्के धरलं तर लेखकाच्या हाती प्रतीमागे 165 रुपये येतात. म्हणजे तीनशेवर प्रती खपेपर्यंत नुसता छपाईचा खर्च निघत असतो. संपादकाचे, मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराचे पैसे आणि टपालखर्च वेगळाच. मागणी येईल तशी एकेक प्रत छापणारी डिजिटल सोय आता झाली आहे. त्यात प्रतीमागे खर्च जास्त, पण पलंगाखाली गठ्ठे साठत नाहीत.

ई-पुस्तकानं हे चित्र पालटलं. 2007 च्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉननं किंडल आणलं आणि त्याबरोबरच लेखकाला आपलं पुस्तक थेट चढवता येईल अशी सोयही केली. 2010 पासून ठरावीक किमतीच्या पुस्तकांवर लेखकाला सत्तर टक्के मानधन मिळू लागलं. कागदी पुस्तकावर एरवी मिळणाऱ्या दहाएक टक्क्यांच्या तुलनेत हा आकडा डोळे विस्फारणारा होता. 2016 च्या अखेरीस मराठीसह काही भारतीय भाषांतली पुस्तकंही किंडलवर आली.

या नव्या वाटेनं सर्वांत रंजक प्रवास झाला तो अँडी वीअरच्या ‘द मार्शियन’चा. कॅलिफोर्नियातला हा संगणक प्रोग्रॅमर. आधी काही वर्षं नोकरी न करता त्यानं लिहून पाहिलं होतं, एजंटही मिळाला नव्हता. मग त्यानं प्रकाशनाचा नाद सोडला आणि 2009 पासून मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीराची गोष्ट आपल्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट टाकायला लागला. वाचक थोडे, पण चोखंदळ. त्यांत रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र जाणणारे लोक होते. प्रकरण आलं की ते आकडेमोड तपासत आणि चुका कळवत. वीअर त्या दुरुस्त करून पुढे जाई. यानाचा मार्ग गणितात नेमका बसावा म्हणून त्यानं स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. सुरुवातीच्या वादळाची चूक मात्र त्यानं जाणूनबुजून ठेवली. मंगळाची हवा इतकी विरळ आहे की तिथलं वादळ एवढी मोडतोड करू शकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, पण गोष्ट सुरू व्हायला काहीतरी आपत्ती हवी होती.

पुढे वाचकांनी मागणी केली म्हणून त्यानं पुस्तक किंडलवर चढवलं. किंमत 99 सेंट, कारण त्याखाली ठेवता येत नव्हती. तीन महिन्यांत 35,000 प्रती गेल्या. मग एजंट आपण होऊन आला, ‘क्राउन’ या मोठ्या प्रकाशनसंस्थेनं हक्क घेतले, 2014 मध्ये छापील आवृत्ती आणि 2015 मध्ये रिडली स्कॉट यांचा चित्रपट आला. या यशाकडे नशीब म्हणून पाहणं चुकीचं ठरेल. गणितात चूक निघाली तर नायक मरतो, अशी ही कादंबरी आहे. तिला तज्ज्ञ वाचकांची तपासणी लिहीत असतानाच मिळाली, आणि तिचा कणा त्या तपासणीतूनच ताठ झाला.

ह्यू हाउईचं ‘वूल’ असंच वाचकांनी ओढून लांबवलं. 2011 मध्ये ती एक दीर्घकथा म्हणून किंडलवर आली होती. वाचकांनी पुढे काय झालं म्हणून विचारलं तेव्हा हाउईनं पुढचे भाग लिहिले. ब्रँडन सँडरसन हा तर आधीच नावाजलेला कादंबरीकार. मार्च 2022 मध्ये त्यानं चार कादंबऱ्या प्रकाशकाविना, वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन काढायचं जाहीर केलं आणि महिन्याभरात चार कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम जमली. मात्र त्याच्यामागे संपादक, चित्रकार, गोदाम आणि पाठवणीची माणसं अशी स्वतःची कंपनी उभी होती. प्रकाशकाची कामं त्यानं टाळली नाहीत, आपल्या छपराखाली आणली.

विकणं हे लेखकाला सर्वांत जड जाणारं काम. अमीश त्रिपाठी यांच्या ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ला वीसहून अधिक प्रकाशकांनी नकार दिला होता. 2010 मध्ये एजंटच्या मदतीनं पुस्तक निघालं तेव्हा बँकिंग आणि विमा क्षेत्रात मुरलेल्या अमीश यांनी पहिलं प्रकरण छापून पुस्तकांच्या दुकानांतल्या गल्ल्यावर फुकट वाटायला ठेवलं. ज्याला पुढचं वाचायचं असेल तो पुस्तक घेईल, एवढा साधा विचार. तो फळाला आला.

त्याच्या अगदी उलट टोकाला लक्ष्मणराव आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, मातृभाषा मराठी. सत्तरच्या दशकात ते दिल्लीला गेले, बांधकामावर मजुरी केली, ढाब्यात भांडी घासली, मग पानाची आणि पुढे चहाची टपरी टाकली. लिहायचं हिंदीत. पहिली कादंबरी 1979 मध्ये निघाली. चहावाल्याचं हस्तलिखित कुणी हातात धरीना, तेव्हा त्यांनी स्वतःचं प्रकाशन सुरू केलं. सायकलला पिशव्या अडकवून ते शाळांमध्ये आणि ग्रंथालयांमध्ये पुस्तकं घेऊन जात. एका पुस्तकाच्या विक्रीतून पुढच्याची छपाई. बाहेरून परीक्षा देत त्यांनी चाळिशीनंतर पदवी घेतली, नंतर एम.ए.ही केलं. विष्णू दिगंबर मार्गावरच्या त्यांच्या टपरीवर चहाच्या भांड्यांशेजारी पुस्तकांची मांडणी असे. चहा प्यायला थांबलेला माणूस पुस्तक उचलून विचारी, हे कुणाचं? त्यांच्या लेखनात कष्टकऱ्यांची, गावातून शहरात आलेल्यांची माणुसकी आहे. समीक्षकांनी त्यांची फार दखल घेतली नाही याची खंत वाटते. वाचक मात्र त्यांनी एकेक करून स्वतः मिळवले.

स्वतंत्रपणे लिहिणाऱ्यांच्या या उत्साहावर जगणारा एक धंदाही फोफावला आहे, त्याबद्दल बोलायलाच हवं. ‘आम्ही तुमचं पुस्तक काढतो’ म्हणून लेखकाकडून मोठी रक्कम घ्यायची, संपादन करायचंच नाही, थोड्या प्रती छापून लेखकाच्याच गळ्यात घालायच्या आणि वर हक्कही आपल्याकडे ठेवायचे, असा तो प्रकार. निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहिणारे, पहिला कवितासंग्रह काढणारे तरुण यात सहज सापडतात. खरं तर यातलं बरंचसं काम लेखक स्वतः करू शकतो. आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, तो वैयक्तिक लेखकालाही मिळतो. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना स्वतःच्या खर्चानं पाठवायची असते. स्वतः प्रकाशक झालेले अनेकजण हे विसरतात आणि त्यांची पुस्तकं पुढच्या अभ्यासकांना सापडत नाहीत.

हक्कांच्या बाबतीत परदेशातली दोन उदाहरणं बोलकी आहेत. पीटर रॅबिटची अमेरिकेतली कॉपीराइट नोंदणी प्रकाशकाकडून राहून गेली आणि तिथे चोरट्या आवृत्त्यांचं पेव फुटलं. पॉटरनं त्यानंतर 1903 मध्ये सशाच्या बाहुलीची नोंदणी स्वतः लंडनमध्ये करून घेतली. हाउईनं 2012 मध्ये एका बड्या प्रकाशकाला फक्त कागदी पुस्तकाचे हक्क दिले आणि ई-पुस्तक स्वतःकडे ठेवलं. त्यासाठी त्यानं त्याहून मोठ्या रकमांवर पाणी सोडलं. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. हक्क सोपवल्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर 1957 चा कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. जुनं पुस्तक बाजारात मिळत नाही, प्रकाशक नवी आवृत्ती काढत नाही आणि हक्क अडकले आहेत असं समजून गप्प बसलेले मराठी लेखक पुष्कळ आहेत. त्यांनी कपाटातला करार काढून ही दोन कलमं त्यात आहेत का, ते आधी पाहावं.